तुम्हाला किती मुलं?

नाशिकमध्ये कुठल्याही घरी बाळंतिणीच्या खोलीत जाऊन बसलं की दहा मिनिटांत हा प्रश्न येतो. बहुतेकदा सासूबाई विचारतात, कधी बाळंतिणीची आई, कधी मालिश करणाऱ्या मावशी. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये तो जरा आडवळणाने येतो, पंचवटीच्या वाड्यात किंवा सिडकोतल्या दोन खोल्यांत सरळ येतो. स्तनपान सल्लागार म्हणून आलेल्या बाईला स्वतःचं मूल नसेल, तर तिने या प्रश्नाची तयारी ठेवलेली बरी. कारण तो टळत नाही, आणि टाळूही नये.

विचारणाऱ्यांच्या मनात कुजकेपणा क्वचितच असतो. रात्री तीनला न थांबणारं रडणं आणि भरून दगड झालेली छाती म्हणजे काय, हे या बाईला कळतं का, एवढंच त्यांना पडताळून पाहायचं असतं. ते रास्तच आहे. म्हणून उत्तर खरं आणि आखूड द्यावं. "नाही काकू, मला मूल नाही. मी हे शिकून करते. बाळ शेवटचं कधी प्यायलं?" तिसऱ्या वाक्याने सगळ्यांचं लक्ष जिथे असायला हवं तिथे, म्हणजे बाळाकडे जातं. मूल का नाही, नको होतं की झालं नाही, याचा खुलासा कुणालाही द्यायचा नसतो. आणि "पण माझ्या बहिणीची दोन्ही मुलं माझ्याच हातावर वाढली" अशी उसनी पात्रता पुढे करू नये असं मला ठामपणे वाटतं. त्यातून आपलं शिक्षण अपुरं आहे हे आपणच कबूल केल्यासारखं होतं.

पाजणाऱ्या आईला मदत दोन तऱ्हेची लागते, आणि या दोहोंची गल्लत झाली की हा प्रश्न जड होतो. एक मदत तिच्यासारखीच्या सोबतीची. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात सात आयांनी 'ला लेचे लीग' सुरू केली ती यासाठीच. तिथे गट चालवणारीने स्वतः मूल अंगावर पाजलेलं असावं अशी अट आहे, आणि त्या कामाला ती शोभते. दुसरी मदत शिकलेल्या डोळ्याची. त्यासाठी १९८५ पासून आंतरराष्ट्रीय बोर्डाची परीक्षा आहे: स्तनपान विषयाचं ९० तासांचं शिक्षण, त्यावर संवादकौशल्याचे ५ तास, उमेदवार ज्या मार्गाने येईल त्यानुसार ३०० ते १००० तासांचं प्रत्यक्ष काम आणि दर पाच वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण. या यादीत स्वतःचं मूल कुठेच नाही. मूल नसलेल्या सल्लागाराने पहिल्या प्रकारच्या मदतीचा आव आणू नये. उलट गल्लीत जुळी पाजलेली, सिझेरियननंतर पाजलेली, नोकरी सांभाळून पाजलेली कोण आहे ते माहीत ठेवावं आणि दोघींची गाठ घालून द्यावी. तो तिच्या कामाचाच भाग आहे.

काही घरांत आणखी एक अडचण असते, ती बोलून दाखवली जात नाही. पाचवीची पूजा व्हायची असते, दृष्टीचं मनात असतं, आणि मूल नसलेल्या बाईच्या हातात बाळ द्यायला आजी मागेपुढे पाहते. ही समजूत क्रूर आहे आणि ती जायला हवी. पण बाळंतिणीच्या खोलीत, दुखऱ्या टाक्यांवर बसलेल्या मुलीसमोर तो वाद घालायची वेळ नसते. शिवाय चांगली सल्लागार बाळ हातात घेतच नाही. बाळ आईनेच उचलायचं, आईनेच लावायचं. आपण शेजारी बसून सांगायचं. फार तर आपल्या बाहुलीवर किंवा गुंडाळलेल्या टॉवेलवर करून दाखवायचं. सल्लागाराने बाळाचं डोकं धरून छातीवर दाबलं तर त्या वेळी बाळ लागेलही, पण ती निघून गेल्यावर आई पुन्हा तिथेच. वर मागून डोकं दाबलं की बाळ मान ताठ करून मागे रेटतं आणि घरचे म्हणतात, "बघा, याला अंगावरचं नकोच आहे."

लावायचं कसं, ते सावकाश सांगते, कारण दहातली बहुतेक दुखणी इथेच सुरू होतात. आधी आई टेकून बसली पाहिजे, पाठीमागे उशी, पाय अधांतरी नकोत. बाळ दुपट्यातून मोकळं करायचं आणि हातमोजे काढायचे. हात बांधलेलं बाळ छाती चाचपू शकत नाही. बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. बाळ उताणं आणि मान तेवढी वळलेली, असं नको. आपली हनुवटी खांद्यावर टेकवून घोटभर पाणी पिऊन पाहिलं की आजींनाही ते लगेच पटतं. आईचा तळहात बाळाच्या खांद्यांमागे, डोक्यामागे नाही. निपल बाळाच्या नाकासमोर. तो वरच्या ओठाला हलकेच लावायचा आणि थांबायचं. हे थांबणं कुणालाच जमत नाही. तोंड जांभईइतकं उघडलं की बाळाला झटकन जवळ आणायचं, हनुवटी आधी टेकली पाहिजे. छाती बाळाकडे न्यायची नाही, बाळ छातीकडे आणायचं.

पकड बरोबर बसली की चार गोष्टी दिसतात: तोंड पूर्ण उघडं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला चिकटलेली, आणि निपलभोवतीचा काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त. सुरुवातीला भराभर चोखणं, मग लय संथ होते आणि गिळल्याचा हलका आवाज येतो. गालाला खळ्या पडत असतील किंवा टचटच वाजत असेल तर पकड उथळ आहे. तसं असेल तर ओढून काढायचं नाही. तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी हिरड्यांच्या मध्ये सरकवायची, हवा शिरली की पकड सुटते. मग पुन्हा पहिल्यापासून. पिणं संपल्यावर निपल गोल दिसतो की एका बाजूने चपटा, नव्या लिपस्टिकसारखा तिरका, हे न चुकता पाहायचं. तिरका असेल तर आई "दुखत नाही" म्हणत असली तरी दोन दिवसांनी चीर पडणार. आणखी एक सवय मोडावी लागते. दोन बोटांच्या कात्रीत निपल धरून पाजायचं बहुतेक मुलींना कुणीतरी शिकवलेलं असतं. ती बोटं नेमकी बाळाच्या ओठांच्या जागेवर येतात. छातीला आधार द्यायचाच तर खालून चार बोटं, वर अंगठा, तेही काळ्या भागापासून बरंच दूर.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली येतो, निफाडकडे त्याहून खाली. मग बाळ स्वेटर, टोपडं आणि दोन दुपटी अशा थरांत गाडलेलं असतं, उबेने सुस्तावतं आणि चार घोटांत झोपी जातं. थंडी खरी आहे, तेव्हा उघडं ठेवा म्हणून भागत नाही. लंगोट आणि टोपी ठेवून बाळ आईच्या उघड्या अंगावर घ्यायचं आणि दोघांवर मिळून शाल टाकायची. बाळ उबदार राहतं आणि जागंही राहतं.

मूल नसलेल्या सल्लागाराकडे काय नसतं, हेही सांगायला हवं. पान्हा येतानाची शिरशिरी, चीर पडलेल्या निपलला बाळाचं तोंड लागतानाची कळ तिला आठवून सांगता येत नाही. पण आठवण हा काही भरवशाचा मापदंड नाही. जिला सहज जमलं ती म्हणते, थोडं दुखतंच. जिला भरपूर दूध होतं तिला कमी दूध हा आळस वाटतो. जिचं बाळ तीन महिन्यांत वरच्या दुधावर गेलं ती नकळत दुसरीलाही तिकडे ढकलते. स्वतःची मुलं असलेल्या सल्लागाराला हे सगळं दाराबाहेर ठेवावं लागतं. मूल नसलेलीला ते ठेवावं लागत नाही, पण तिला सगळं विचारूनच कळतं. म्हणून तिचे प्रश्न नेमके हवेत. दुखणं शून्य ते दहामध्ये किती? लावताना अर्धा मिनिट आणि मग थांबतं, की शेवटपर्यंत? पाजताना की पाजून झाल्यावर? पाजून झाल्यावर निपल पांढरा पडतो का, मग जांभळट, मग लाल? हा शेवटचा प्रश्न नाशिकच्या हिवाळ्यात फार उपयोगी पडतो. थंडीने आणि उथळ पकडीने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, सुयांसारखं टोचतं. तिथे मलम चालत नाही. पकड सुधारायची, बाळ सुटताच कोरडी ऊब द्यायची आणि अंघोळीनंतर लगेच अंग झाकायचं. जिने हे स्वतः कधी भोगलं नाही तिलाही ते ओळखता येतं, विचारायचं सुचलं तर.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: दूध पुरत नाही. पहिल्या दिवशी एका वेळेला येणारा चीक २ ते १० मिलिलिटर असतो. दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. पंपाच्या बाटलीचा तळही न भरलेला पाहून घरात धाबं दणाणतं आणि डब्याचं दूध येतं. बाळाचं पोट भरतं, ते चार तास झोपतं, तेवढा वेळ छातीला मागणी जात नाही, आणि जे दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरून यायचं ते रेंगाळतं. मग "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणून हेच पुरावा ठरतं. संध्याकाळी बाळ तासातासाला मागतं, छाती मऊ लागते, पंपाला कमी निघतं. यातलं काहीही दूध कमी असल्याची खूण नाही.

मोजायचं ते ओल्या लंगोटांत आणि वजनात. पहिल्या दिवशी एक ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, आणि पाच-सहा दिवसांनंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त. शी काळ्याची हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिणं. डायपरमध्ये हे मोजता येत नाही, म्हणून पहिले दहा दिवस सुती लंगोट ठेवा असं मी आग्रहाने सांगते. वजन पहिल्या दिवसांत उतरतंच. तीन किलोचं बाळ २७९० ग्रॅमवर आलं तर सात टक्के उतरलं, लक्ष ठेवायचं. २७०० वर आलं तर दहा टक्के, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. सिझेरियनच्या वेळी आईला सलाईन बरंच गेलं असेल तर बाळाचं जन्मवजनच थोडं फुगलेलं असतं, आणि पहिल्या दिवसाची घट मोठी दिसते. हे डॉक्टरांना आठवण करून द्यायला संकोच करू नये. जन्मवजन १० ते १४ दिवसांत परत यायला हवं. आणि वजन एकाच काट्यावर, बाळ उघडं करून. दवाखान्याचा काटा आणि अंगणवाडीचा काटा यांच्या फरकातून घराघरांत विनाकारण रडारड होते. आठ तास लघवी नाही, प्यायला उठतच नाही, कावीळ तळहात-तळपायापर्यंत उतरली, ताप, यांतलं काही दिसलं तर सल्लागाराचं काम तिथे संपतं आणि दवाखान्याचं सुरू होतं.

घरातल्या मोठ्या बायका विरोधात आहेत असं धरून चालणारी सल्लागार फार पुढे जात नाही. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाजरीची भाकरी, पेठ-सुरगाण्याकडची नागलीची पेज हे सगळं बाळंतिणीला मिळावंच. तिला भूक असते, आणि तिच्यासाठी कुणीतरी रांधतंय याचंही मोल आहे. फक्त खिरीने दूध वाढत नाही, दूध निघाल्याने वाढतं, आणि रात्रीचं पाजणं त्यात सगळ्यात मोलाचं, एवढं शांतपणे सांगावं. दोन बाबतींत मात्र तडजोड नाही. मध वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवायचा नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजांनी तान्ह्याला लुळेपणा येऊ शकतो. आणि सहा महिन्यांआधी घुटी नाही, पाणी नाही, मे महिन्यातही नाही. अंगावरच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. आजींना बाळासाठी काही करायचं असतं, तेव्हा नुसतं नाही म्हणू नये. ढेकर काढणं, दुपारी आईला दोन तास झोपू देणं, ही कामं त्यांच्याकडे द्यावीत. रात्रीचा लंगोट बाबांकडे.

वरून देणं खरंच लागलं तर आधी आईचं काढलेलं दूध, मग दूधपेढीतलं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं, आणि शेवटी डब्याचं. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, तेव्हा ही कल्पना आपल्याकडे नवी राहिलेली नाही. पहिल्या आठवड्यानंतर अंदाज सोपा आहे: दर किलोला दिवसाला १५० मिलिलिटर. तीन किलोच्या बाळाला ४५०, आठ वेळांत विभागले तर एकेका वेळेला साधारण ५५. द्यायचं वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. बोंडलं दर वेळी धुऊन उकळायचं, त्याच्या चोचीत साय अडकते. पाजताना बाळ अर्धवट बसतं धरायचं, चोच ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची आणि बाळाला ओढून घेऊ द्यायचं. ओतायचं नाही.

त्याहून चांगली एक रीत आहे. काढलेलं दूध वाटीत घ्यायचं, ५ किंवा ६ नंबरच्या फीडिंग ट्यूबचं, म्हणजे बारीक नळीचं, एक टोक त्यात बुडवायचं, दुसरं निपलच्या टोकाशी ठेवायचं आणि बाळाला छातीवर लावायचं. बाळ चोखतं, त्याला दूध मिळतं आणि छातीला मागणीही पोचते. वाटी उंच धरली की दूध जोरात येतं, खाली घेतली की बाळाला जास्त ओढावं लागतं. आठवडाभरात वाटी हळूहळू खाली आणायची.

निपल आत ओढलेला असेल तर सिरिंज. २० मिलिलिटरची, सुई न लावलेली. सुई बसते ते टोक धारदार ब्लेडने सरळ कापायचं, दट्ट्या काढून कापलेल्या बाजूने आत घालायचा, म्हणजे कंपनीने गुळगुळीत ठेवलेली कड छातीकडे येते. दट्ट्या उलटा करायचं विसरलं तर कापलेली कड रुतून जखम होते. पाजण्याआधी अर्धा ते एक मिनिट ती कड निपलभोवती टेकवून आईनेच दट्ट्या हळू ओढायचा, दुखेल इतकं नाही.

या सगळ्यात एक आई अशी असते जिने बाळाला जन्म दिलेला नसतो. दत्तक बाळ घरी येणार असतं आणि तिला अंगावर पाजायचं असतं. हे शक्य आहे. दूध बनायला छातीतून होणारी मागणी आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोन लागतं. गरोदरपण छातीची पूर्वतयारी करून देतं, पण त्यावाचून सगळं अडतं असं नाही. बाळ यायच्या काही आठवडे किंवा महिने आधीपासून दिवसातून आठेक वेळा, रात्रीचा एक धरून, पंपाने आणि हाताने छातीला चालना द्यायची. औषधं द्यायची का, ते डॉक्टर ठरवतात. पूर्ण दूध अनेकींना येत नाही, आणि हे पहिल्याच भेटीत सांगायचं. उरलेलं वर सांगितलेल्या नळीने, छातीवरच. चार-सहा महिन्यांचं, बाटलीला सरावलेलं बाळ सुरुवातीला तोंड फिरवतं. त्याला झोपेच्या गुंगीत, उघड्या अंगावर घेऊन लावून पाहावं. या आईलाही "तुम्हाला किती मुलं" हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला गेलेला असतो. मूल नसलेल्या सल्लागाराला तिच्याशी फार बोलावं लागत नाही.

आणि सल्लागाराचं स्वतःचं काय? मूल हवं असून न झालेली बाई रोज तान्ह्यांमध्ये काम करते तेव्हा काही दिवस जड जाणारच. त्या दिवसाची भेट सहकारी बाईकडे देता यावी एवढी सोय प्रत्येक सल्लागाराने करून ठेवावी. यात कमीपणा नाही. आजारी असताना आपण तेच करतो.

कामावर परतणाऱ्या आईचा हिशोब वेगळा. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसाला दोन पाजण्याच्या सुट्ट्या तर त्याआधीपासूनच आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कायम कामावर असलेल्यांना हे मागता येतं. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस, बर्फाच्या पिशव्यांसह थर्मासच्या बॅगेत एक दिवस. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला जातो, तेव्हा चार तासांचा भरवसा धरू नये, थेट बर्फात ठेवावं. गरम करायचं ते कोमट पाण्यात भांडं ठेवून, गॅसवर नाही. बाळाने उष्टं केलेलं दूध दोन तासांत संपवायचं.

रोजंदारीवरच्या बाईला यातलं काही मिळत नाही. सुरगाणा-पेठहून द्राक्षांच्या गोडी छाटणीच्या सुमाराला दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला येणाऱ्या बायका तान्ही मुलं घेऊनच येतात. गावच्या आशाताईंच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवसाच्या भेटी तिथेच राहून जातात, कारण बाई गावात नसते. तिला पंप सांगून उपयोग नाही. तिला हाताने दूध काढायला शिकवावं: निपलपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे, अंगठा वर आणि बोटं खाली, आधी बरगड्यांकडे दाबायचं, मग एकमेकांकडे, मग सोडायचं, आणि बोटं कातडीवर घासू द्यायची नाहीत. पहिले एक-दोन मिनिटं थेंबही येत नाही, तेव्हा सोडून द्यायचं नाही. फवारणी चालू असलेल्या प्लॉटपासून झोळी लांब बांधायची, पाजण्याआधी हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे आणि वरचा शर्ट काढून ठेवायचा. आणि बागेच्या जवळची अंगणवाडी कोणती, तिथे काटा कोणत्या दिवशी मिळतो, हे मुकादमाला विचारून तिला सांगून यायचं.